गोफाला आठ जण लागतात

वाचकांचे प्रश्न : लोकनृत्य आणि लोकसंगीताचं सहकुटुंब शिबिर

मागच्या अंकात मी आमच्या शनिवार-रविवारच्या शिबिराबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. दिवाळीची सुटी संपून थंडी पडली, की वाईजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत तीसेक कुटुंबं दोन दिवस मुक्कामाला येतात. आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळांपर्यंत सगळी. लेझीम, फुगडी, गोफ, जाखडी, हलगी, तुणतुणं, त्या वर्षी जे शिकवणारं माणूस मिळेल ते शिकतात. त्या चार ओळींवर ३४ पत्रं आली. जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले गेलेत, ते इथे घेते. उत्तरं २८ वर्षांच्या शिक्षकी पेशातून आणि अकरा शिबिरांतून आलेली आहेत.

आम्ही पुण्यात राहतो. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची. दोघांना शिबिरात घालायचं आहे. पण आम्हा नवरा-बायकोला नाचाचा गंध नाही. आम्ही कडेला बसून बघितलं तर चालेल ना? फोटोही काढता येतील.
*— एक आई, पुणे*

नाही चालणार, ताई. कडेला कोणी बसलेलं दिसलं की रिंगणातलं माणूस आखडतं. मुलांचं तर लगेच होतं. आई बघते आहे म्हटल्यावर ती नाचत नाहीत, नाचून दाखवतात. हे सगळे नाच अंगणातले, खळ्यावरचे, देवळापुढचे. सगळ्यांची तोंडं आत, रिंगणाच्या मध्याकडे. स्टेजवर नेलं की रिंगण फोडून त्याची रांग करावी लागते, माणसांची तोंडं एकमेकांकडून वळून लोकांकडे होतात. मी शाळेत असताना स्नेहसंमेलनासाठी अशा कितीतरी रांगा बसवल्या. मुलं छान करायची, टाळ्याही पडायच्या. पण पडदा पडला की तो नाच पुन्हा कोणी खेळायचं नाही. फुगडी मात्र मधल्या सुट्टीत मुली आपापल्या खेळायच्या. हा फरक मला फार उशिरा दिसला.

शनिवारी सकाळी आम्ही कोणाला नाचायला सांगतच नाही. हातात टाळ देतो आणि वारकऱ्यांची पावली चालायला लावतो. पुढे, मागे, थोडं झुकून, पुन्हा सरळ. दहा मिनिटांत सगळ्यांना येते, कारण चालता येणाऱ्याला पावली येतेच. मग लेझीम. शाळेत तासाला लेझीम केली असेल तर ‘चार आवाज’ आणि ‘आगे फलांग’ हे हुकूम तुमच्या पायांना अजून आठवतील. गेल्या वर्षी बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ ‘मला काही येत नाही’ म्हणत उभे राहिले आणि पहिल्या हुकमाला त्यांचे गुडघे आपोआप वाकले. त्यांची मुलगी बापाकडे बघतच राहिली.

दुपारी गोफ. जुन्या सुती साड्यांच्या लांब पट्ट्या आम्ही हॉलच्या आढ्याला असलेल्या कडीत बांधतो. आठ पट्ट्या, आठ माणसं. सुरुवातीला टिपऱ्या देत नाही, नुसती पट्टी हातात. एक, तीन, पाच, सात आकड्यांनी एका बाजूने फिरायचं. दोन, चार, सहा, आठ यांनी उलट बाजूने. समोरून येणाऱ्या पहिल्या माणसाला बाहेरून ओलांडायचं, दुसऱ्याला आतून, तिसऱ्याला पुन्हा बाहेरून. थोडी पावलं झाली की डोक्यावर वेणी दिसायला लागते, आणि ती पहिल्यांदा दिसते तेव्हा हॉलमध्ये सगळी मान वर करून थबकतात. मी ‘चाला, चाला’ म्हणत राहते. मग ताल न सोडता मागे फिरायचं आणि विणलेली वेणी सोडवायची. एखाद्याने आत-बाहेर चुकवलं तर विणताना कोणाला कळत नाही. ते कळतं सोडवताना.

तिसऱ्या वर्षी असं झालं. एका वडिलांना फोन आला. त्यांनी एका हाताने पट्टी धरली, दुसऱ्याने फोन कानाला लावला आणि चालत राहिले. तेवढ्यात दोनदा आत-बाहेर झालं. सोडवायला लागलो तर वेणी अर्ध्यात अडली, चांगली हातभर वर. स्टूल आणलं, चष्मे आणले. रात्रीच्या जेवणाची घंटा झाली तरी आठही जण खाली बसून मान वर करून हिशेब करत होते. कोणाची पट्टी कोणाच्या खालून गेली हे शेवटी त्यांच्याच सात वर्षांच्या मुलीने बोट लावून दाखवलं, कारण ती तिसऱ्या नंबरला होती आणि बाबा आपल्या समोरून कसे गेले ते तिला नीट आठवत होतं. त्या रात्रीपासून मोबाइल आल्याआल्या एका कापडी पिशवीत जातात. रविवारी संध्याकाळी सगळ्यांचा मिळून एक फोटो निघतो. तो तुम्हाला पाठवू.

तुम्ही चौघं आहात. गोफाला आठ लागतात. शेजारच्या एखाद्या कुटुंबालाही विचारून बघा.

वय ७१. दोन्ही गुडघे बदललेले आहेत. नातवंडांबरोबर यायची फार इच्छा आहे, पण मी तिथे काय करणार?
*— एक आजोबा, सोलापूर*

काका, तुम्ही झील धरायची. पोवाड्यात शाहीर पुढे उभा राहून गातो आणि मागचे झीलकरी त्याची ओळ उचलून ‘जी जी’ ओढतात. शाहिराला दम घ्यायला जागा तिथे मिळते. झील ढिली पडली तर उत्तम शाहीरही चौथ्या चौकात, म्हणजे चौथ्या कडव्यात, थकतो. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा, म्हणजे १६५९ सालचा प्रसंग, आजही गायला जातो. त्यामागे गाणारे जितके तितकेच मागे उभे राहून झील धरणारेही आहेत. आमच्याकडे झीलकऱ्यांना खुर्ची असते.

तुणतुणंही हातात घ्या. एक तार, खाली पोकळ डबा, एक दांडी. काखेत धरायचं आणि तर्जनीने छेडायचं. चाल बदलते, गाणारा बदलतो, पण तुणतुण्याचा सूर तोच राहतो. सहा वर्षांच्या मुलाला पाच मिनिटांनी कंटाळा येतो. तुमच्या वयाच्या माणसांचा हात मात्र त्यावर तासभर स्थिर चालतो, हे मी दर वर्षी बघते. नातवंडं गातील आणि सूर तुम्ही सांभाळाल.

आणखी एक विनंती. येताना लहानपणी कानावर पडलेलं काहीतरी घेऊन या. वासुदेवाचं, धनगरी ओवीचं, आईच्या जात्यावरचं, अर्धंमुर्धं असलं तरी चालेल. दोन वर्षांपूर्वी एक आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायला बसल्या. हाताला काहीतरी फिरवायला हवं म्हणाल्या, जात्याशिवाय शब्द येईनात. गावातून जातं आणलं. मग एकामागून एक बावीस ओव्या आल्या. त्यांच्या नातवाने त्या वहीत उतरवल्या आणि घरी गेल्यावर त्याच्या वडिलांनी मला कळवलं, की आईला ओव्या येतात हे आम्हालाच माहीत नव्हतं.

मुलगा १३ वर्षांचा. फुगडी म्हणजे बायकी खेळ, मी येणार नाही म्हणतो. सासऱ्यांचंही तेच म्हणणं आहे. काय करू?
*— एक आई, नागपूर*

आषाढी वारीत पांढरी टोपी घातलेले साठीचे पुरुष गळ्यात टाळ अडकवून फुगडी घालतात, ते सासऱ्यांनी नक्की पाहिलं असेल. त्यांना त्याची आठवण करून द्या. एकनाथांच्या भारुडांत फुगडी आहे. तुकोबांच्या गाथेत फुगडीवर अभंग आहेत, टिपरीवर आहेत, हुतूतूवर आहेत. कोकणातला बाल्या नाच म्हणजे जाखडी, ती पायात घुंगरू बांधून पुरुषच नाचतात. सांगली-सोलापूरकडचं धनगरी गजी नृत्यही पुरुषांचं, हातात रुमाल आणि मागे मोठे ढोल.

पण १३ वर्षांच्या मुलाला पुराव्याने पटवायला जाऊ नका. त्या वयात हातपाय एकदम लांब झालेले असतात, कुठे ठेवावेत कळत नाही, आणि कोणी हसेल ही भीती सगळ्यात मोठी असते. त्याला लेझीम द्या. पूर्वी तालमीत लेझीम म्हणजे जाड धनुष्यासारखा दांडा आणि दोरीच्या जागी वजनदार लोखंडी साखळी असे, पैलवान त्यावर दंड कमवत. तुमच्या विदर्भातलंच अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झालं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या चमूने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. घाटी लेझीम हलगीवर सुरू झाली, की पहिल्या पाच मिनिटांतच घाम फुटतो. एवढा घाम गाळल्यावर बायकी-पुरुषी वगैरे त्याच्या तोंडी उरणार नाही. फुगडी त्याला कोणी घालायला लावणार नाही. रविवारपर्यंत तो बहुतेक आपणहून घालेल. नाही घातली तरी हरकत नाही.

आमच्या सोसायटीत असंच दोन दिवसांचं शिबिर करायचं आहे. पैसे बेताचे आहेत. काही सभासद म्हणतात, गावाकडचे कलाकार बोलावू, त्यांनाही प्रसिद्धी मिळेल, मानधन कशाला? तुम्ही काय करता?
*— सोसायटीचे एक सभासद, कल्याण*

मांडव नको, बॅनर नको, शाल-श्रीफळ नको, स्मृतिचिन्हं तर मुळीच नकोत. या सगळ्याचे पैसे वाचवा आणि मानधन द्या. मानधन देता येत नसेल तर शिबिर पुढच्या वर्षी करा.

मी हे इतकं ठामपणे का लिहिते ते सांगते. मी एका शाळेत होते, तिथल्या स्नेहसंमेलनासाठी घाटी लेझीम बसवली होती. शेजारच्या गावातले एक हलगीवादक मी स्वतः जाऊन बोलावून आणले. तीन तास ते उभ्याने वाजवत होते. कार्यक्रम झाल्यावर पाहुण्यांची पानं शिक्षकांच्या खोलीत मांडली. हलगीवादकांना कागदी ताटलीत वाढून फाटकाजवळ बसवलं. कार्यक्रमपत्रिकेवर तबलावाल्याचं नाव होतं, पेटीवाल्याचं होतं आणि शेवटी नुसतं ‘हलगी’. मी ते सगळं बघितलं आणि त्या दिवशी काही बोलले नाही. नोकरीत नवी होते, हे कारण मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत राहिले.

शिबिर सुरू करायचं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी त्यांच्या घरी गेले. माफी मागितली. ते म्हणाले, ‘बाई, त्याची सवय हाय. पण मला सांगा, शिकवायचं कुणाला? तुमची पोरं हलगीला हात लावतील का?’ चामड्याचं वाद्य, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या कोणी वाजवलं हे त्यांना, मला आणि तुम्हालाही माहीत आहे. कोणत्या वस्तीतून हलगी आली म्हणून तिला हात लावायचा नाही, आणि वरात-जत्रा मात्र तिच्याशिवाय हलायची नाही, असं हे चालत आलं.

त्या पहिल्या वर्षी शनिवारी पहाटे त्यांनी मैदानात शेकोटी केली. थंडीत, दवात कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. हलगी जाळापासून योग्य अंतरावर फिरवत शेकावी लागते, मग ती टणक बोलते. मुलं स्वेटर घालून भोवती बसली. त्यांनी एकेकाच्या हातात हलगी दिली, कातडं बोटाने दाबून बघायला सांगितलं, शेकण्याआधी आणि शेकल्यावर. मग मुलांच्या आयांना दिली, बापांना दिली. डाव्या हातात लांब बारीक काडी, उजव्या हातात आखूड टिपरू. सकाळी नऊपर्यंत बारा मुलांना एक साधा ठेका येत होता. त्यांचं पहिलं मानधन मी शनिवारी दुपारीच दिलं, रविवारी संध्याकाळी नाही. कारण शेवटच्या गडबडीत ‘नंतर पाठवतो’ म्हणणारे लोक त्यांनी फार पाहिले होते. आता त्यांची नात येते आणि ठेका तीच शिकवते.

तेव्हा रक्कम बोलावतानाच ठरवा आणि तीच द्या. येण्या-जाण्याचं भाडं आधी पाठवा. एकाच पंगतीत जेवा. फळ्यावर नाव लिहा, गाव लिहा. रेकॉर्डिंग करायचं असेल तर विचारा, नको म्हणाले तर नको. आणि त्यांचं वाद्य ज्यासाठी आहे तेच वाजवू द्या. एकदा जव्हारकडचे एक तारपावादक आमच्याकडे आले होते. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण, एवढ्यावर तो लांबलचक तारपा उभा राहतो, आणि वाजवणारा दम तोडत नाही. नाचणारे त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला धरून वळत जातात, वारली चित्रात दिसतं तसंच. सूर बदलला की पाऊल बदलतं, म्हणजे सगळा नाच कानावर चालतो. कोणीतरी त्यांना सिनेमातलं गाणं वाजवायची फर्माईश केली. त्यांनी ती पुरीही केली, पण नाचणाऱ्यांचे पाय गोंधळले. मला त्याच वेळी थांबवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पायाशी बसून मुलांनी फक्त सूर ओळखायचा खेळ केला, आणि तो तासभर चालला.

पैशांचं विचारलंत म्हणून सांगते. गेल्या वर्षी आम्ही दर कुटुंबामागे १,८०० रुपये घेतले, राहणं वर्गखोल्यांत सतरंज्यांवर. निम्म्याहून जास्त रक्कम शिकवणाऱ्यांना गेली, उरलेली स्वयंपाक करणाऱ्या गावच्या बायकांना आणि भाजी-किराण्याला. सोसायटीत तुम्हाला राहण्याची सोय करावी लागणार नाही. तुम्हाला जमेल.

माझी मुलगी फुगडी घालताना पडली, मनगट मुरगळलं. आता भीती वाटते.
*— एक बाबा, कोल्हापूर*

फरशीवर घालत होती का? फुगडी शेणाने सारवलेल्या अंगणातली आहे. मातीवर किंवा सतरंजी नसलेल्या खडबडीत जागेवर, अनवाणी घालायची. मोजे घालून तर कधीच नाही. हातांची फुली करून एकमेकींची मनगटं धरायची, बोटं नाही, कारण घामाने बोटं सुटतात. पायाचे अंगठे जवळ ठेवून मागे रेलायचं. जोडीदार साधारण आपल्याच वजनाची हवी. बाप-लेकीच्या फुगडीत बापाने रेलायचं नाही, हे तुम्ही लक्षात ठेवा. थांबताना हात सोडायचे नाहीत, वेग कमी करत दोघींनी मिळून थांबायचं. बहुतेक पडझड थांबताना होते. मनगट पूर्ण बरं होऊ द्या, मग तिला आधी बस फुगडीपासून, म्हणजे उकिडवं बसून घालायच्या फुगडीपासून, सुरुवात करू द्या.

घुमट म्हणजे आमच्या गोव्याचं मडक्यावर कातडं ताणून केलेलं वाद्य. त्याला घोरपडीचंच कातडं हवं, त्याशिवाय तो नाद येत नाही, असं आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात. मग मुलांना घुमट शिकवावं की नाही?
*— एक शिक्षिका, फोंडा*

शिकवावं, बकरीच्या कातड्याचं. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा तो विषय संपला. आणि घुमट काही संपलं नाही. २०१९ मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा दिला, तो बकरीच्या कातड्याची घुमटं गावोगाव वाजत असतानाच. नादाचं निम्मं काम तर डाव्या हाताचं आहे : मडक्याचं मागचं लहान तोंड तळव्याने झाकायचं, उघडायचं, तसा आवाज आत कोंडतो आणि मोकळा होतो. मुलांना आधी नुसतं मातीचं मडकं देऊन ही उघडझाप करायला लावा.

तुमच्या भागात पौषात मांडावर, म्हणजे गावातल्या ठरलेल्या अंगणात, धालो होतात, बायकांची गाणी आणि नाच. शिबिराला बाहेरून कोणाला बोलावण्याआधी त्या मांडावरच्या आज्यांना विचारा. त्या आल्या तर मला जरूर कळवा, मी फोंड्याला येईन.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मराठी मंडळातली दहा-बारा कुटुंबं मिळून एक शनिवार-रविवार करणार आहोत. ढोलकी वाजवणारं कोणी नाही. स्पीकरवर गाणी लावली तर?
*— एक वाचक, लंडनजवळून*

स्पीकर नको. स्पीकर कोणासाठी थांबत नाही. चार वर्षांचं मूल मागे राहिलं तर रिंगण हळू व्हायला हवं, आणि ते फक्त माणसाच्या तोंडच्या गाण्याला जमतं.

शिवाय तुम्हाला वाद्याची गरजच नाही. झिम्म्याचं वाद्य टाळी. फुगडीचं वाद्य तोंड : फुगडी रंगली की ‘फू’ करत जो श्वासाचा ठेका धरतात त्याला पकवा म्हणतात, आणि दोन मुलींचा पकवा जुळला की ढोलकीची आठवणसुद्धा येत नाही. माझी आई मंगळागौरीच्या जागरणात रात्री दोनला नुसत्या पकव्यावर अख्खं अंगण जागं ठेवायची. पिंगा, किस बाई किस, लाट्या बाई लाट्या, आगोटा-पागोटा, यातल्या कशालाच वाद्य लागत नाही. मंडळात चाळिशीच्या पुढच्या दोन बायका जरी असतील तरी त्यांना यातलं निम्मं येत असेल. त्यांना आठवडाभर आधी सांगा, म्हणजे त्या भारतात फोन करून उरलेलं निम्मं विचारून घेतील.

संध्याकाळी भोंडला करा, महिना कोणताही असो. पाटावर खडूने हत्ती काढायचा, पाट मध्ये ठेवायचा आणि भोवती फेर धरायचा. तिकडे जन्मलेल्या मुलांना गाणी येणार नाहीत, पण फेराला पाय येतात. मग खिरापत. हे मात्र नीट करा. प्रत्येक घराने आपला पदार्थ झाकून आणायचा आणि मुलांनी ओळखायचा. मुलं ‘गोड की तिखट’, ‘ओलं की कोरडं’, ‘तळलेलं की भाजलेलं’ असं मराठीतच विचारतील, कारण खाण्याची घाई झालेली असते. आमच्या शिबिरात गेल्या वर्षी वाटली डाळ कोणालाच ओळखता आली नाही, कारण ती वाजत नाही. मुलं तासभर चिवडा, लाडू, शंकरपाळी म्हणत राहिली. तुम्ही पहिलाच डबा वाजणारा ठेवा, शेंगदाण्याचा वगैरे, म्हणजे लहान मुलांनाही एक तरी ओळखता येईल. वाटली डाळ शेवटी.